दातांवर डाग आहेत म्हणून स्थळाला नाही म्हणावं का? नागपूरच्या एका दंतवैद्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मिहानमध्ये नोकरी करणारी २७ वर्षांची मुलगी. लग्नाच्या ॲपवरून ओळख झालेल्या एका मुलाला ती तीनदा भेटली, दोनदा फुटाळ्याला आणि एकदा धरमपेठेत जेवायला. मुलगा मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा, आता नागपुरात नोकरीला. बोलायला मोकळा, तिचं म्हणणं मध्येच न तोडता ऐकणारा. पण त्याच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, वरचा एक दात काळसर पडलाय आणि खालची ओळ वेडीवाकडी आहे. हसताना त्याचा हात आपोआप तोंडाकडे जातो. मैत्रिणींनी फोटो पाहून नाक मुरडलं. आई म्हणते, संसार काय दातांशी करायचा आहे का? आणि ही विचारते, की एवढ्यावरून नकार दिला तर मी वाईट ठरते का?

मी नागपुरात २६ वर्षं दंतवैद्यक करते आहे. तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. त्या डागांवरून त्याला नाही म्हणू नकोस. ते डाग कशाचे आहेत, ते आधी कळू दे. तुझ्या वर्णनावरून मला एक अंदाज आहे, पण तोंडात आरसा घालून पाहिल्याशिवाय कुठलाही दंतवैद्य छातीठोक सांगणार नाही. आणि एक गोष्ट मात्र अशी आहे की ती निघाली, तर मी माझ्या स्वतःच्या लेकीलाही थांब म्हणेन. तिच्याकडे येतेच.

तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दिसला तो पांढरकवडा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या, आणि आपल्या नागपूर ग्रामीणमधल्याही काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. जमिनीखालच्या खडकातून ते पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराईड असलेलं पाणी लहान मुलं रोज प्यायली, की हिरड्यांच्या आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, नीट भरत नाही. दात उगवतो तोच खडूसारखे पांढरे ढग घेऊन. पुढे त्या सच्छिद्र जागी रंग मुरत जातो आणि पिवळे-तपकिरी पट्टे दिसायला लागतात. अक्कलदाढा सोडल्या तर सगळ्या पक्क्या दातांचं एनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत बनून झालेलं असतं. म्हणजे आज तुला दिसणारे पट्टे, तो बालवाडीत आणि पहिली-दुसरीत असताना घरच्या हंड्यात कुठलं पाणी होतं, ते सांगतात. याचा घासण्याशी काही संबंध नाही. तो दिवसातून चारदा ब्रश करत असला तरी ते जाणार नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दातातच आहेत.

अशा गावांतली अख्खी भावंडं मी एका दिवशी खुर्चीवर बसवून तपासली आहेत. चौघांच्या चौघांचे पट्टे एकसारखे. त्यांतल्या मोठ्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं, कारण मुलाकडच्यांनी ठरवून टाकलं की मुलगी तंबाखू खाते. तिनं आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नव्हतं. तिच्या वडिलांना मी लेखी दिलं, शिक्का मारून दिलं, तरी ते स्थळ काही परत आलं नाही. तेव्हापासून हा विषय निघाला की मी दोन वाक्यांत थांबत नाही.

तुला स्वतःला ओळखता येईल असा एक फरक सांगते. पाण्याचे डाग जोडीनं येतात. उजव्या दातावर जिथे पट्टा आहे, साधारण त्याच उंचीवर डाव्या जोडीदार दातावरही असतो, कारण ते दोन्ही दात एकाच काळात घडलेले असतात. पट्टे आडवे असतात. तंबाखू-सुपारीचा डाग असा शिस्तीत नसतो. तो हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला साचतो. ज्या गालात पुडी ठेवायची सवय असते त्या बाजूला जास्त असतो. रंगही लालसर-काळपट, चिकट दिसणारा. हे अगदी प्रत्येक वेळी खरं ठरतं असं नाही, पाण्याचे डाग असलेला माणूस खर्राही, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खात असू शकतो. पण समोर बसलेल्या माणसाबद्दल एकदम मत बनवण्याआधी एवढं पाहता येतं.

त्या काळसर दाताचं म्हणशील, तर सगळेच्या सगळे पट्टेवाले आणि त्यातला एकच वेगळा काळा, असं असेल तर बहुतेक वेळा त्याला कधीतरी मार बसलेला असतो. सायकलवरून पडणं, क्रिकेटचा चेंडू, बसची दांडी. आतली नस मरते, रक्तातला रंग दाताच्या आतल्या थरात उतरतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, दात राखाडी होतो. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. एक्स-रे काढून रूट कॅनल केलं, की आतूनच औषध ठेवून तो रंग बराच उतरवता येतो. दोन-चार भेटींचं काम आहे. ते करून घ्यायलाच हवं, लग्न असो नसो, कारण मेलेल्या नसेच्या टोकाशी पुढे पू होऊ शकतो.

खालची वाकडी ओळ हा प्रश्नच मानू नकोस. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे, किंवा दुधाचे दात किडून लवकर पडले की मागचे पुढे सरकतात आणि पक्क्यांना जागा उरत नाही. हाड निरोगी असेल तर तिशीतही तारा लावता येतात. दीड-दोन वर्षं लागतात. नाही लावल्या तर फक्त घासायला जास्त काळजी घ्यावी लागते.

आता या सगळ्यापेक्षा मला जे पाहायचं असतं ते सांगते. लोक दात पाहतात, मी हिरडी पाहते. एनॅमल एकदा बनलं की परत बनत नाही, म्हणून दात माणसाचं लहानपण दाखवतो. हिरडी मात्र त्याचा गेला पंधरवडा दाखवते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी निरोगी हिरड्या असलेल्या तरुण विद्यार्थ्यांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत त्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं तर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. दात किती का डागाळलेले असेनात, ज्याची हिरडी घट्ट आहे, दाताच्या गळ्याशी टोकदार बसलेली आहे, ब्रश करताना रक्त येत नाही आणि बोलताना वास येत नाही, तो माणूस रोज स्वतःची काळजी घेतो आहे. लहानपणी त्याला जे मिळालं नाही त्याचा दोष त्याच्यावर टाकायचा नाही. आज तो जे करतो त्यावरून त्याला जोखायचं. तू लिहिलं आहेस की तीन भेटींत कधी वास जाणवला नाही. ही लहान गोष्ट नाही.

उलटं चित्रही मी पाहिलं आहे, म्हणून हे एवढं आग्रहानं लिहिते. एका साखरपुड्याच्या आधी एक तरुण होणाऱ्या बायकोला घेऊन आला होता. दात पांढरेशुभ्र, एका ओळीत, वरचे सहा दुसरीकडून कॅप करून आणलेले. तिला फक्त अक्कलदाढ दाखवायची होती, हा सहज म्हणाला, माझंही बघून घ्या. मी तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम दोन बोटं आत गेली. गाल आतून पांढुरके, संगमरवरासारखे, बोट फिरवलं तर दोऱ्या लागत होत्या. वय ३१. मुलगी बाजूला उभी राहून म्हणत होती, किती सुंदर दात आहेत ना यांचे?

हीच ती गोष्ट, जिच्यावर मी थांब म्हणेन. खर्रा.

नागपूरच्या वाचकाला खर्रा समजावून सांगायची गरज नाही. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून पानठेल्यावर घोटून देतात तो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण घोटण्याचा आवाज काही थांबलेला नाही. अनेकांना अजूनही वाटतं की नुकसान फक्त तंबाखू करते आणि सुपारी निरुपद्रवी आहे. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीलाच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचत जातात, लवचीकपणा जातो, तोंड उघडणं कमी होत जातं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. विशी-तिशीतली पोरं याच आजारानं माझ्याकडे येतात. खर्रा सोडला की हा आजार पुढे सरकणं थांबू शकतं, पण घट्ट झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका राहतो, म्हणून दर काही महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं. तुकडोजी चौकाजवळच्या कॅन्सर रुग्णालयात मी जे पेशंट पाठवले आहेत, त्यांतल्या काहींच्या बायका बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे चिठ्ठी घ्यायला आल्या होत्या.

तर पाहायचं काय? डॉक्टरकी न करता, जेवताना लक्ष ठेव. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी सहज जातात. गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला जा. अख्खा गुपचुप एका घासात जातो का, की तो फोडून, कडेनं खातो? तर्री पोहे खाताना तिखटानं डोळ्यांत पाणी येणं ठीक आहे, आम्हा सगळ्यांचं येतं. पण साध्या वरणातल्या मिरचीनंही तोंड भाजतंय, प्रत्येक घासाला पाणी लागतंय, असं असेल तर ते या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. आणि नुसतं पाहत बसू नकोस, सरळ विचार. “खर्रा खातोस का?” नागपुरात हा प्रश्न लग्न ठरवताना पगार किती याच्या आधी विचारायला हवा, असं माझं मत आहे.

“कधीतरी, मित्रांसोबत” असं उत्तर आलं तर आठवड्याला किती पुड्या ते विचार. पूर्वी खात होतो, सोडला, असं असेल तर कधी सोडला आणि त्यानंतर तोंड कुणाला दाखवलं का, हे विचार. सोडलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे, ते सोपं नसतं. सध्या खात असेल, तर त्याला माणूस म्हणून झिडकारू नकोस, त्याला मदतीची गरज आहे. केंद्र सरकारची तंबाखू सोडवण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११२-३५६. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही कमी खर्चात तपासणी होते. पण साखरपुडा तोपर्यंत थांबव. लग्न झालं की सुटेल, असं सांगणारे आईवडील मला शेकड्यांनी भेटले. लग्नामुळे सुटलेला खर्रा मी २६ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच पाहिला. ज्यांचा सुटला तो त्यांनी स्वतः ठरवल्यामुळे सुटला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे, एवढ्यावरून नकार दिला तर मी वाईट ठरते का. नाही. ज्याच्याशी आयुष्य काढायचं त्याचा चेहरा आवडावा असं वाटणं स्वाभाविक आहे, तुझ्या आईलाही तिच्या वेळी वाटलं असेल. खर्रा नाही, हिरड्या निरोगी आहेत, सगळं कळलं, आणि तरीही तो जवळ आला की तुला मागे सरकावंसं वाटतं, असं असेल तर नाही म्हण. कारण सांगायचीही सक्ती नाही. दयेनं लग्न करू नये, त्यात त्याचाच जास्त अपमान आहे. मी फक्त एवढं विचारेन की हे मागे सरकणं तुझं आहे की मैत्रिणींचं? तू तीनदा भेटलीस. पहिल्या भेटीत दात दिसले, तरी दुसऱ्या भेटीला गेलीस, तिसऱ्याला गेलीस. फोटो दाखवल्यावर प्रश्न पडला.

आणि यात एक अन्याय आहे, तो बोलून दाखवते. तुळशीचं लग्न झालं की माझ्या दवाखान्यात आया मुलींना घेऊन येतात. “मॅडम, पोरीचे दात थोडे आत घेऊन द्या ना, लग्न जमून राहिलं आहे.” तीन महिन्यांत हवं असतं. मुली खाली मान घालून बसतात. मी त्यांना विचारते, तुला हवंय का? बहुतेकींना हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेला असतो. मुलग्यांना त्यांच्या आया अशा कारणासाठी क्वचितच आणतात. म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुलींनी दातांवरून नकार ऐकले. आज तुझ्या हातात निवड आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण तीच मोजपट्टी आपण उचलावी का, याचा विचार कर. उद्या तुझ्या एखाद्या डागावरून कुणी तुझ्याशी असं वागलं तर तुला काय विचारलेलं आवडेल, तेच त्याला विचार.

विचारायचं कसं? मध्यस्थामार्फत नको, घरच्यांसमोर नको, आणि “लग्नाआधी दात करून घे” ही अट तर मुळीच नको. दोघंच असताना, साध्या आवाजात. “एक विचारू? हसताना तू तोंडावर हात नेतोस. दातांमुळे का?” एवढंच, आणि मग गप्प बस. त्याला आजवर कुणी चिडवलं, गावात किती जणांचे तसेच आहेत, तो काळा दात कधीचा, दवाखान्यात जायला भीती वाटते की पैसे नव्हते, हे सगळं बाहेर येईल. खुर्चीची भीती हे फार खरं कारण आहे, तिला हसू नकोस. लहानपणी कुणीतरी दाबून धरून दाढ काढलेली असते आणि तो माणूस पन्नाशीपर्यंत दंतवैद्याची पायरी चढत नाही. “साफ केले की दात हलायला लागतात” हाही समज त्याच्या घरी असेल. दातांवरचं कीटण काढल्यानं दात हलत नाहीत. कीटणानं आधीच सैल केलेले दात, ते काढल्यावर लक्षात येतात, एवढंच. पण याच प्रश्नावर तो चिडला, तुला टोमणा मारला किंवा सरळ खोटं बोलला, तर ते मात्र विसरू नकोस. अडचणीच्या प्रश्नाला माणूस कसा सामोरा जातो, हे संसारात रोज लागणार आहे.

पुढे होणाऱ्या मुलांमध्ये हे डाग उतरतील का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझी आई विचारेल. पाण्यामुळे आलेले डाग रक्तातून पुढे जात नाहीत. नागपूर शहराला नळानं येणारं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे नदी-धरणाचं आहे, खोल बोरिंगचं नाही. एनॅमलचे काही दुर्मीळ आजार अनुवंशिक असतात, पण त्यांत सगळेच दात पातळ, झिजलेले, थंड-गरम लागणारे असतात आणि बहुतेक वेळा घरात आजी-काकांपर्यंत तसंच दिसतं. त्याच्या गावात शेजाऱ्यांपर्यंत तसं दिसत असेल, तर कारण पाणीच.

उपचारांबद्दल एक कबुली देते. दवाखाना सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांत अशाच पट्ट्यांसाठी एका नवरदेवाचे पुढचे सहा निरोगी दात मी लग्नाच्या घाईत घासून कॅप बसवल्या. सगळे खूश होते. आज मी ते करणार नाही. धडधाकट दात कायमचा कापला जातो, आणि कॅप कधी ना कधी बदलावी लागते. आता अशा डागांसाठी आधी वरचा अगदी पातळ थर सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीनं घासून काढतात, मग गरजेप्रमाणे ब्लीचिंग, उरलंच तर दाताच्या रंगाचा लेप. नुसत्या ब्लीचिंगनं मात्र पांढरे ढग कधी कधी आणखी उठून दिसतात, म्हणून बाजारातले दात उजळवायचे किट त्याला आणून देऊ नकोस. खोल खड्डे पडलेले असतील तरच व्हिनीयर, म्हणजे दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा, किंवा कॅपचा विचार. आणि कागदासारखे पांढरे दात कुणाचेच नसतात. आम्ही रंग जुळवायला जी पट्टी वापरतो तिच्यात १६ छटा आहेत, आणि आपल्याकडच्या निरोगी दातांचा रंग बहुतेक वेळा त्यातल्या पिवळसर छटांशीच जुळतो.

त्याला स्वतःला हवं असेल तरच हे सगळं. त्यानं स्वतःहून विषय काढला आणि सोबत येतेस का असं विचारलं, तर जा. सकाळी दहा-अकराची वेळ घ्या. दातांचा खरा रंग खिडकीतून येणाऱ्या उजेडात कळतो, संध्याकाळच्या ट्यूबलाईटमध्ये सगळेच दात आहेत त्याहून वेगळे दिसतात.